खोड काय आहे ते आधी सांगा

"तुमच्या स्वप्नातलं घर, आता तुमच्या बजेटमध्ये." "निसर्गाच्या कुशीत, शहराच्या जवळ." "घाई करा, फक्त शेवटचे पाच प्लॉट शिल्लक."

जीमेलचा प्रमोशन्स नावाचा कप्पा आत्ता उघडलात तर यातली एखादी तरी ओळ तिथे पडलेली दिसेल. ती न वाचता पुसून टाकायला तुम्हाला अर्धा सेकंद लागतो. मला या ओळी जरा जास्त वेळ बघाव्या लागतात, कारण माझं पोट त्यांच्यावर चालतं. पुण्यातले आणि लातूरमधले बिल्डर, प्लॉटिंगवाले, एजंट यांच्यासाठी मी मेल लिहिते. राहते मात्र देवणीत.

देवणी हा लातूर जिल्ह्यातला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेला तालुका. बाहेरच्यांना हे नाव माहीत असलं तर ते गाईमुळे. देवणी ही आमच्याकडची गोजात. दूधही देते आणि बैलही शेतीकामाला तगडे निघतात. तिचे तीन प्रकार सांगतात. वाण्णेरा म्हणजे अंगाने पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बालंक्या पांढराच, पण पोटाखालच्या भागावर काळे ठिपके. आणि शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके. गावातल्या लहान पोरालाही लांबून बैल बघून हा कुठला ते सांगता येतं. मी काय काम करते, हे मात्र अजून कुणाला नीट कळलेलं नाही.

माझ्या मामांनी आयुष्यभर गुरांच्या बाजारात दलाली केली. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यात भरणारी माळेगावची खंडोबाची यात्रा, या दोन ठिकाणी त्यांची उठबस. एकदा त्यांनी विचारलं, "काय करूलालीस गं दिवसभर त्या डबड्यापुढं?" मी म्हटलं, "मामा, प्लॉट आणि फ्लॅट विकायची पत्रं लिहिते. कंपनी ती हजारो लोकांना पाठवते." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग त्यात खोड सांगतीस का न्हाई?"

हा प्रश्न मला तोवर कुठल्या मार्केटिंगच्या कोर्सने विचारला नव्हता.

*

खोड म्हणजे जनावरातला दोष. बैल मारका असतो, बुजरा असतो, औताला जुंपला की मध्येच बसणारा असतो, एखाद्याचा खांदा आलेला असतो. बाजारात गिऱ्हाईक आधी दात बघतं. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, यावरून वय ठरतं. मग बैल चालवून बघतात, पाठीवर हात फिरवतात, शेपटी ओढतात, कुठे लंगडतोय का ते बघतात. आणि मग विचारतात, "खोड काय?"

भाव मात्र तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून. म्हणजे बाजारात भाव झाकलेला आणि खोड उघडी. घर-जमिनीच्या मेलमध्ये बरोबर उलटं. भाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, त्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी, आणि खोड त्या चांदणीच्या तळटीपेत, इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलवर दोन बोटांनी ताणूनही वाचता येऊ नये.

बाजारातली माणसं फार सत्यवचनी असतात असं मी म्हणत नाही. शिंगं घासून तेल लावून बैल तरणा दाखवतात. गाय विकायला आणताना आदल्या वेळेचं दूध काढत नाहीत, म्हणजे कास भरलेली दिसते. मामांनीच हे सगळं मला सांगितलंय, त्यातलं त्यांनी काय काय केलं ते मी विचारलेलं नाही. पण तिथे गिऱ्हाइकाला तोंड उघडून बघता येतं. ते बघू दिलं नाही तर सौदा तिथेच मोडतो. मेल वाचणारा माणूस चाकणच्या कंपनीत शिफ्ट संपवून बसमध्ये बसलेला असतो आणि प्लॉट असतो साडेतीनशे किलोमीटरवर. त्याला बघायला काहीच नसतं, माझ्या ओळींशिवाय. म्हणून घर-जमिनीच्या मेलचं काम एकच, असं मला वाटतं. वाचणाऱ्याला तपासता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्यायचं. बाकी सगळी सजावट.

*

आता हे तपासणं म्हणजे काय, ते एकेका शब्दावरून सांगते. आमच्या धंद्यातले आवडते शब्द असे मोजकेच आहेत.

पहिला शब्द 'जवळ'. "लातूरपासून फक्त १५ मिनिटं." कुठल्या लातूरपासून? गंजगोलाईपासून की शहराच्या हद्दीच्या पाटीपासून? कशाने, कितीच्या सुमारास? आमच्या भागात 'जवळ'ची गंमत सगळ्यांना माहीत आहे, कारण लातूर रोड नावाचं रेल्वे जंक्शन लातूर शहरात नाहीच, ते चाकूर तालुक्यात आहे. नवखा माणूस नावावर विश्वास ठेवून तिथे उतरला तर पुढचा प्रवास वेगळा करावा लागतो. म्हणून मी मेलमध्ये मिनिटं लिहीत नाही. एका ओळखीच्या चौकापासून किलोमीटर लिहिते आणि नकाशावरची अचूक खूण देते. मिनिटं वाचणारा स्वतः काढतो.

दुसरा शब्द 'प्रस्तावित'. प्रस्तावित महामार्ग, प्रस्तावित रिंग रोड, प्रस्तावित विमानतळ. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची घोषणा झाल्यापासून आमच्याकडच्या प्लॉटच्या जाहिरातींत हा शब्द पावसाळ्यातल्या गवतासारखा उगवलाय. त्याआधी हरंगुळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं नाव असंच प्रत्येक पत्रकावर होतं. कारखाना निदान उभा राहिला. रस्ता कागदावर असताना त्याच्यापासूनचं अंतर मीटरमध्ये सांगणं म्हणजे न जन्मलेल्या वासराचे दात मोजण्यासारखं आहे. लिहायचंच असेल तर काम कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहावं. नुसती घोषणा, अधिसूचना, भूसंपादन की प्रत्यक्ष काम, यातलं नेमकं काय.

तिसरा शब्द 'पाणी'. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी. ज्या शहराने हे बघितलं, तिथल्या माणसाला "चोवीस तास मुबलक पाणी" असं लिहून पाठवलं तर तो हसतो, आणि मग मेलमधल्या बाकी कुठल्याच ओळीवर विश्वास ठेवत नाही. मी विचारते: नळ महापालिकेचा की बोअर? बोअर किती फूट? खालची टाकी किती लिटरची? पाणी किती दिवसांआड येतं? उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोण देणार? ही पाच उत्तरं मिळाली की पाण्यावरचा परिच्छेद आपोआप तयार होतो. त्याला विशेषण लागत नाही.

चौथा शब्द 'भूकंपरोधक'. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. तेव्हा देशाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या सुधारणेत तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, बरीचशी जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली. माझी आई अजूनही वरच्या मजल्यावर झोपायचं म्हटलं की दाराजवळची जागा धरते. अशा वाचणाऱ्यासाठी 'भूकंपरोधक' हा शब्द म्हणजे नुसती सजावट. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मेलला जोडलं तर त्याला काही अर्थ येतो. ते नसेल तर तो शब्द गाळलेला बरा.

पाचवा शब्द 'क्षेत्रफळ'. आमच्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. फ्लॅट चौरस फुटात, पण कायद्याचे कागद चौरस मीटरमध्ये. या चार मापांच्या मधल्या फटीत बरंच काही हरवतं. फ्लॅटच्या बाबतीत तर सुपर बिल्ट-अप नावाचा प्रकार होता, अजूनही तोंडी चालतो. आतली वापरायची जागा ७०० चौरस फूट, त्यावर जिना-लिफ्ट-गच्चीचा वाटा म्हणून ३० टक्के चढवला की ९१० होतात, आणि जाहिरातीत ९१० झळकतं. रेराच्या कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्याच ठरवून दिली आणि विक्री त्याच मापावर व्हावी असं सांगितलं. मी मेलमध्ये कार्पेट सगळ्यात आधी लिहिते, चौरस फूट आणि चौरस मीटर दोन्हींत.

आणि शेवटचा शब्द 'फक्त'. "फक्त २४ लाखांत." त्यात मुद्रांक शुल्क धरलंय का? नोंदणी फी धरलीये का, जी एक टक्का असते आणि ३० हजारांच्या वर जात नाही? बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांना १ टक्का आणि बाकीच्यांना ५, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर लागत नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ही गोष्ट तर जवळजवळ कुठल्याच जाहिरातीत नसते. एवढं सगळं मांडून "हातातून एकूण इतके जातील" असा एक आकडा दिला की वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं. आमच्याकडचा माणूस त्याच आकड्यावरून ठरवतो की एक एकर विकायचा की दीड.

*

हे सगळं मी सज्जनपणाने करते, असं कुणाला वाटू नये. कायदाही तेच सांगतो. २०१६ च्या रेरा कायद्यात जाहिरात म्हणजे नुसतं वर्तमानपत्रातलं पान नव्हे. कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही रूपात प्रकल्पाची माहिती देऊन लोकांना घ्यायला बोलावणं म्हणजे जाहिरात, त्यामुळे माझा मेलही त्यात येतो. महाराष्ट्रात हे सगळं २०१७ पासून महारेरा बघतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही, आणि हे प्लॉटिंगलाही लागू आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता हवा, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. कायद्याचं बारावं कलम तर सरळ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागेल. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत द्यावे लागतील. म्हणजे माझी प्रत्येक ओळ उद्या कुणीतरी छापून सुनावणीत पुढे ठेवू शकतं. नव्या ग्राहकाला मी पहिल्याच फोनवर एवढं सांगते. काहींना ते पटतं, काही पुन्हा फोन करत नाहीत.

कायद्याशिवाय मेलची यंत्रणाही आता कडक झालीये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियम घातले. पाठवणारा तोच आहे हे सिद्ध करायचं, एका दाबात यादीतून बाहेर पडता येईल असं बटण द्यायचं, आणि 'स्पॅम' म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायचं. हजारातल्या तिघांनी वैतागून ते बटण दाबलं की तुमचे मेल सरळ कचऱ्यात जायला लागू शकतात. आणि तरीही लातूरच्या धंद्यात 'यादी' विकत मिळते. अकरावी-बारावीला शिकवणीसाठी लातूरला आलेल्या पोरांच्या पालकांची यादी, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची यादी. ज्याने कधी विचारलं नाही त्याला प्लॉट दाखवायला गेलं की तो पहिल्यांदा ते बटणच दाबतो. शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीबद्दल बोलतो, ते वेगळंच. मी विकतच्या यादीवर लिहीत नाही. साइटवर येऊन गेलेले, फोन करून माहिती मागवलेले, आधीच्या इमारतीत घर घेतलेले, एवढ्यांनाच लिहिते. यादी लहान असते, पण त्यातला प्रत्येक जण वाचतो.

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यावर ग्राहक फार खूश असतात. त्यात फारसा दम उरलेला नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली की चित्रं आधीच आपोआप उतरवली जातात, मग माणसाने उघडो न उघडो, मेल 'उघडला' असंच दिसतं. मी फक्त एकच गोष्ट मोजते. उलट उत्तर किती आले, आणि त्यात प्रश्न काय होते.

आणखी एक साधी गोष्ट. डिझायनर लोक सगळा मेल एकाच मोठ्या चित्रात करून देतात. ते सुंदर दिसतं. पण आमच्याकडे रेंज गेली की ते चित्र उतरत नाही आणि वाचणाऱ्याला पांढरा चौकोन दिसतो. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापून टाकतं. आणि चित्रातला नोंदणी क्रमांक कॉपी करून महारेराच्या संकेतस्थळावर टाकता येत नाही. म्हणून मजकूर मजकुरासारखाच हवा. विषयाची ओळही अशी की मोबाईलवर दिसणाऱ्या पहिल्या तीस-चाळीस अक्षरांत जागा, माप आणि किंमत यावी. "दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर आपल्यासाठी खास" लिहिलं की ती अक्षरं मुहूर्तातच संपतात.

*

हे सगळं मी कशासाठी सांगतेय, ते आता सांगते.

एका प्लॉटिंगचं काम माझ्याकडे आलं होतं. जागा लातूर शहराच्या बाहेर, रस्त्याला लागून. चांगले पैसे मिळणार होते, दर आठवड्याला दोन मेल, सहा महिने. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं 'एनए टच प्लॉट'.

हा 'टच' आमच्या धंद्यातला अजब शब्द आहे. एनए म्हणजे अकृषिक, बिगरशेती. 'एनए टच' म्हणजे बिगरशेती जमिनीला टेकलेली जमीन. शेजारची एनए आहे, ही नाही. ऐकणाऱ्याला मात्र 'एनए' ऐकू येतं आणि 'टच' हा काहीतरी इंग्रजी गुणविशेष वाटतो. मी तीन कागद मागितले. सातबारा, अकृषिक परवानगीचा आदेश आणि मंजूर लेआउट. सातबारा आला, बाकी दोन आले नाहीत. सातबाऱ्यावर शेतजमीन होती, आणि आधी घेतलेल्यांची नावं एकाखाली एक, सामाईक. म्हणजे गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याला स्वतंत्र सातबारा मिळत नव्हता, सगळ्यांची मिळून एकच जमीन, कुणाचा तुकडा कुठला ते कागदावर नाही. शेतीचे असे बारीक तुकडे विकू नयेत म्हणून तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यात सुधारणा आणि सवलती होत आल्यात, पण घर बांधायला लागणारी परवानगी त्याने आपोआप मिळत नाही.

मी मेल लिहून दिला. त्यात लिहिलं: शेतजमीन, सामाईक सातबारा, अकृषिक परवानगी अजून नाही, बांधकामाची परवानगी आज मिळणार नाही, म्हणून भाव शेजारच्या एनए प्लॉटच्या निम्म्याच्या आत. जो गुंतवणूक म्हणून धोका पत्करून घेणार आहे, त्याच्यासाठी हाही एक सौदा होऊ शकतो, आणि त्याला तो डोळे उघडे ठेवून घेता यावा. ग्राहकाने तो वाचून फोन केला. "मॅडम, तुम्ही विकूलालात का मोडूलालात?" काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. त्या काळात महिन्याची निम्मी कमाई त्या एका कामावर अवलंबून होती, त्यामुळे ते जाणवलं.

महिनाभराने आमचे तात्या घरी आले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नातू दहावी झाला होता, त्याला लातूरला घालायचं होतं. आमच्याकडे हे ठरलेलंच आहे. पोरगं अकरावीला गेलं की घरातलं कुणीतरी त्याच्याबरोबर लातूरला खोली करून राहतं. तात्यांचं म्हणणं असं की दोन वर्षं भाडं भरण्यापेक्षा प्लॉट घेऊन दोन खोल्या टाकाव्यात. निवृत्तीचे पैसे होते, उरलेल्यासाठी एक एकर काढायचा विचार होता. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने एक मेल पुढे पाठवला होता. तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे बघ बरं. तू असलंच लिहितीस म्हणं."

तोच प्लॉट. मेल चांगला लिहिला होता, हे मला मान्य करावं लागेल. वाक्यं छोटी, हिरव्या झाडांचा फोटो, "मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात हक्काची जागा" अशी ओळ. लिहिणाऱ्याला माहीत होतं की हा मेल कोण वाचणार आहे. गट नंबर कुठेच नव्हता. महारेराचा क्रमांक नव्हता. 'एनए टच' तीनदा होतं.

तात्यांनी विचारलं, "टच म्हणजे?" मी सांगितलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "मंग खोड हाय म्हणा की."

मी त्यांना घेऊ नका असं म्हटलं नाही. पैसे त्यांचे, वय त्यांचं माझ्या दुप्पट. एवढंच सांगितलं की गट नंबर मागा. त्यांनी मेलमधल्या नंबरवर फोन लावला. समोरचा म्हणाला, साइट व्हिजिटला या, गाडी पाठवतो, जेवणाची सोय आहे. गट नंबर तिथेच देऊ. तात्या गेले. जेवले. गट नंबर घेतला आणि घरी आल्यावर नातवाकडून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढून घेतला. त्यावरची सामाईक नावं त्यांनी शिक्षकाच्या सवयीने बोट ठेवून मोजली. इसार दिला नाही.

एकर अजून विकलेला नाही. नातू लातूरला भाड्याच्या खोलीत आहे आणि काकू त्याच्याबरोबर राहतात. भाडं जातं, आणि तात्यांना ते अजूनही खटकतं. त्यांना प्लॉट हवाच आहे, आणि तो विकणारा कुणीतरी प्रामाणिक बिल्डर लातूरमध्ये असणारच. त्या दोघांची गाठ घालून देणं हेच तर माझं काम आहे. खोटा मेल एका माणसाला फसवतो तेव्हा खऱ्या बिल्डरचं गिऱ्हाईकही घालवतो. तात्या आता कुठलाच मेल उघडत नाहीत.

*

नंतर एक लहान बिल्डर भेटले. बारा फ्लॅटची एक इमारत, महारेराची नोंदणी झालेली, काम संपत आलेलं. त्यांना माझं म्हणणं पटलं, निदान "एकदा करून बघू" एवढं तरी म्हणाले. त्यांच्यासाठी लिहिलेला मेल साधारण असा होता. इमारत ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय.

विषय: लातूर, २ बीएचके, कार्पेट ६१० चौ. फूट, एकूण खर्च आत दिलाय

नमस्कार,

आपण मागच्या महिन्यात साइटवर येऊन गेलात. चार फ्लॅट शिल्लक आहेत. दुसऱ्या मजल्यावर एक, तिसऱ्यावर तीन.

कार्पेट ६१० चौरस फूट, म्हणजे ५६.७ चौरस मीटर. करारात हेच माप असेल. किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी धरून एकूण रक्कम सोबतच्या तक्त्यात आहे. घर घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर किती वाचतील, तेही त्यात आहे.

येण्याआधी या चार गोष्टी माहीत असू द्या. लिफ्ट एकच आहे. समोरचा रस्ता अरुंद आहे, दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटना पश्चिमेचं ऊन लागतं, उन्हाळ्यात चारनंतर हॉल तापतो. नळाचं पाणी रोज येत नाही. बोअर आहे, खालची टाकी मोठी आहे, पण मागच्या मे महिन्यात टँकर मागवावे लागले होते.

महारेरा क्रमांक खाली आहे, तो कॉपी करून संकेतस्थळावर टाका, सगळे कागद तिथे दिसतील. करार नोंदवण्याआधी आम्ही किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेणार नाही. कायद्याने घेताही येत नाही.

काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या. मी स्वतः वाचतो.

खाली बिल्डरचं नाव होतं. शेवटचं वाक्य खरं ठेवायची अट मी आधीच घातली होती.

बिल्डरांचा मुलगा एमबीए झालेला. तो म्हणाला, चार दोष सांगून कोण घर घेतं? मी त्याला सांगितलं की घर बघायला येणारा माणूस लिफ्ट मोजतोच, रस्त्यात अडकतोच, आणि शेजारच्या दुकानदाराला पाण्याचं विचारतोच. यातलं काहीही आपल्याला झाकता येणार नाही. फक्त हे त्याला आपल्याकडून कळणार की दुकानदाराकडून, एवढंच आपल्या हातात आहे.

उत्तरं आधीच्या मेलपेक्षा कमी आली. पण आधीच्या मेलला आलेली उत्तरं "किंमत?" आणि "लोकेशन?" अशी एका शब्दाची असायची. या वेळी माणसं लिहीत होती. कुणी विचारलं, टाकी नेमकी किती लिटरची. कुणी विचारलं, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटलाही पश्चिमेचं ऊन आहे का. निलंग्याच्या एका बाईंनी, त्याही शिक्षिका, लिहिलं होतं: "उन्हाचं आणि रस्त्याचं लिहिलंत ते बरं केलंत. पण पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये पाणी साचतं का, ते लिहिलेलं नाही."

मी तो प्रश्न बिल्डरांना पाठवला. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वॉचमनला फोन लावला आणि मला सांगितलं की गेल्या वर्षी एकदा साचलं होतं, घोट्याएवढं, दोन तासांत ओसरलं. पुढच्या मेलमध्ये ती पाचवी गोष्ट होती.